मी साहेबांना वाचवायला गेलो होतो

माझ्या डाव्या मांडीत पोलिसांची गोळी लागली, त्या दिवशी मी कुणालाही मारायला निघालो नव्हतो. वाचवायला निघालो होतो. हे वाक्य मी ठाण्यात सांगितलं, कोर्टात सांगितलं, ऑफिसच्या चौकशीत सांगितलं आणि सासुरवाडीला तर तीनदा सांगितलं. ऐकणारा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या बायकोकडे. सुनंदा मान हलवते, तेव्हा कुठे त्याला पटतं. डोकं एकदा फिरून गेलेल्या माणसाच्या बोलण्याला असा जामीनदार लागतोच. आता त्याचा राग येत नाही. म्हणजे रोज येत नाही.

मी दिलीप. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात लाइनमन. गावाचं आणि ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक आजार सोडून गाव शोधत बसतात. औषधांची माहितीही यात नाही. ती डॉक्टरांकडून घ्यावी. ज्यांच्या घरात असं माणूस आहे आणि ज्यांना त्याची भीतीही वाटते आणि त्याच्यासाठीही भीती वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

रॉड

आमच्या कामाचे दोन नियम आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

पहिला नियम परमिटचा. खांबावर चढायचं तर आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं, म्हणजे अमुक लाइन बंद केली असं त्याच्या सहीचं कागदपत्र. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. तोपर्यंत गावभर बोंब झाली, सरपंचाचा फोन आला, मंत्र्याचा आला, तरी ऑपरेटर लाइन चालू करत नाही. वर माणूस आहे, बस, विषय संपला.

दुसरा नियम रॉडचा. परमिट खिशात असलं तरी तारेला हात लावायच्या आधी अर्थिंग रॉड लावायचा. पुरुषभर उंचीहून लांब काठी, टोकाला धातूचा आकडा, आकड्यापासून वायर निघते ती जमिनीत. बंद तारेत कुठून चोरून करंट आला असेल तर तो रॉडमधून जमिनीत उतरतो आणि माणूस वाचतो.

एकवीस वर्षांच्या नोकरीत मी रॉड लावायचा कंटाळा एकदाच केला. लाइन बंद होती, परमिट खिशात होतं, ऊन फार होतं. गावात कुणाच्या तरी मांडवात जनरेटर उलटा जोडला होता, त्याचा करंट बंद तारेत येत होता. तारेला बोट लागलं आणि मी फेकला गेलो. कमरेच्या पट्ट्यानं मला लटकता ठेवलं. खाली उतरलो, चहा प्यायलो, घरी गेलो. कुणाला सांगितलं नाही, कारण चूक माझीच होती. त्यानंतर मला झोप लागेना.

मजेचे दिवस

पहिले आठ-दहा दिवस मजेचे असतात, हे कुणी सांगत नाही. मी सांगतो. झोप नाही, तरी थकवा नाही. गावातले बंद पडलेले सगळे पथदिवे मी लावून टाकले. लोक म्हणाले, दिलीपभाऊंनी कमाल केली. माझ्या डोक्यात कल्पना इतक्या भराभर येत की बोलताना जीभ मागे पडायची. घराच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर मी अख्ख्या गावाच्या वायरिंगचा नकाशा काढायला घेतला.

"अवो, भिंतीवर कायले लिहून राह्यले? पोरीच्या वह्या संपल्या काय?" सुनंदा म्हणाली.

"तुले नाई समजणार," मी म्हणालो. नंतर डॉक्टरांनी विचारलं की आजाराची सुरुवात कुठून झाली, तेव्हा सुनंदानं हेच वाक्य सांगितलं. तिच्या मते बायकोला 'तुले नाई समजणार' म्हणणं हेच पहिलं लक्षण. मी म्हटलं, मग अर्धा जिल्हा आजारी आहे.

पुढे मजा संपली. मला करंट माणसांत दिसायला लागला. सुनंदाच्या बांगड्यांत, प्राजूच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, शाळेच्या बिल्ल्यात. मी कुणाला जवळ येऊ देईना. मी बंद तारेला रॉड लावला नव्हता, म्हणून तो करंट गावभर पसरला आहे आणि हे सगळे माझ्यामुळे मरणार आहेत, ही माझी खात्री होती. खात्री म्हणतो, शंका नव्हे. घरात पंखा फिरतो हे जितकं खरं, तितकं ते खरं होतं. सुनंदा दवाखान्यात चला म्हणायची. तिचा भाऊ एका बाबाकडे न्या म्हणायचा. मी दोघांनाही हाकललं.

सकाळचे दहा

सोमवारी सकाळी मी रॉड घेऊन बस स्टँडवर गेलो. सुनंदा हाका मारत मागे आली. वायरचं दुसरं टोक हातपंपाला बांधलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्याला आकडा लावायला लागलो. "झालं, जा आता तुम्ही," असं प्रत्येकाला सांगत होतो. पहिल्यांदा लोक हसले. पानठेल्यावरचा म्हणाला, "दिलीपभाऊ, मले बी लावा न एक डाव." त्याला लावला. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग एक म्हातारे बाबा एसटीतून उतरले. ते दचकले, मागे वळले आणि आकडा त्यांच्या कानाला लागला. रक्त आलं. कुणीतरी ओरडलं, "मारून राह्यला रे, मारून राह्यला!" आणि सुनंदा सोडून सगळं स्टँड रिकामं झालं. मी बाबांची माफी मागत त्यांच्या मागे धावलो, तेव्हा वायर तुटली आणि रॉड माझ्या हातात मोकळा राहिला. लांबून तो भाल्यासारखा दिसत असणार.

पोलिसांची जीप आली. तिघं उतरले. पुढे एक तरुण पीएसआय, नवीनच बदलून आलेले. पट्ट्याचं बक्कल उन्हात चमकत होतं, खांद्यावरचे तारे चमकत होते आणि हातात पिस्तूल होतं. सगळं धातू. मला वाटलं, या माणसाच्या अंगात तर अख्खी लाइन चालू आहे, हा मिनिटभरात जळणार.

"खाली टाक! टाक ते!" ते ओरडत होते.

"साहेब, हलू नका," मी म्हणालो. "दोनच मिनिटं लागतात." आणि रॉड पुढे धरून त्यांच्याकडे धावलो.

आवाज ऐकू आला, पण गोळी कळली नाही. मला वाटलं डीपीवरचा फ्यूज उडाला. मग पाय दुमडला. पडताना मी बघितलं की साहेबांचा हात थरथरत होता, आणि मला वाटलं, उशीर झाला, लागलाच याला करंट.

बेडी

गोळी हाड चुकवून गेली. चार बोटं आत असती तर मोठी रक्तवाहिनी होती, असं यवतमाळच्या दवाखान्यात ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले. नियमाप्रमाणे गोळी कमरेखाली मारली होती. कमरेखालीही माणूस मरतो. माझी चार बोटं शिल्लक होती, एवढाच फरक.

शुद्धीवर आलो तर उजवा हात कॉटला बेडीनं बांधलेला. शेजारी स्टुलावर एक वयस्कर हवालदार, पहाऱ्याला. पहिले तीन दिवस मी त्यांना एकच सांगत होतो की बेडी लोखंडी आहे, काढा, आपण दोघं मरू. ते म्हणायचे, "हो भाऊ, काढू. आदी दोन घास खा." आणि स्वतःच्या हातानं मला वरण-भात भरवायचे. त्यांच्या कामाच्या यादीत हे नव्हतं. वॉर्डातले लोक मला बघायला येत, पोलिसावर भाला घेऊन धावलेला म्हणून. हवालदारकाका त्यांना हुसकून लावत आणि मग माझ्याकडे वळून विचारत, "भाऊ, माह्या घरचा इन्व्हर्टर सारखा बंद पडते, काय असंन?" माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण इन्व्हर्टरबद्दल मी त्यांना जे सांगितलं ते बरोबर निघालं. हे मला आजही विचित्र वाटतं.

चौथ्या दिवशी मनोविकाराच्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी आधी बेडीकडे बघितलं. "यांचा पाय उचलत नाही. पळून कुठे जातील?" हवालदारकाकांनी ठाण्यात फोन केला, वर कुणाशी तरी बोलले, आणि बेडी निघाली. मनगटावर चट्टा पडला होता. मॅडम स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "दिलीपभाऊ, त्या दिवसाच्या आधी किती दिवस झोप नव्हती?"

तोवर ठाण्याचा जबाब झाला होता, ऑफिसचे लोक येऊन गेले होते, नातेवाईक झाले होते. सगळ्यांनी विचारलं, रॉड काहून उचलला. झोपेचं कुणी विचारलं नव्हतं. मी मोजलं आणि म्हणालो, "वीसेक दिवस."

त्यांनी औषध सुरू केलं आणि माझं डोकं थोडं ताळ्यावर आल्यावर आजाराचं नाव सांगितलं. बायपोलर. मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं. फार चढलं की खोटंही खरं दिसतं. औषधानं आटोक्यात राहतं, पण औषध नेमानं घ्यायचं आणि झोप जिवापाड सांभाळायची. मी सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे कोनाच्याच अंगात करंट नव्हता?"

"नव्हता."

"साहेबाच्या बी?"

"त्यांच्याही नव्हता."

"मंग म्या गोळी कायले खाल्ली?"

हवालदारकाका फसकन हसले, मॅडम हसल्या, मीही हसलो. आणि हसता हसता जो रडायला लागलो तो थांबेना. बाबांचा कान आठवला. साहेबांचा थरथरणारा हात आठवला. मी कुणालाच वाचवलेलं नव्हतं. आजाराला नाव मिळाल्याचा आधार वाटतो असं म्हणतात, तो वाटलाही, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी नुसती शरम वाटली.

फोन

पाय लवकर बरा झाला. घर बरं व्हायला वेळ लागला.

जामिनावर घरी आल्यावर महिनाभर सुनंदा माझ्याशी कामापुरतं बोलायची. गोळ्या हातात द्यायची, पाण्याचा ग्लास द्यायची, आणि शिलाई मशीनवर जाऊन बसायची. एक दिवस दुपारी मशीन थांबलं आणि ती तिथूनच म्हणाली, "म्याच केलता फोन."

"कोणता?"

"एकशे बाराले. पोलिसाले म्याच बलावलं. मले वाटलं ते तुमाले धरतीन अन् दवाखान्यात नेतीन. मले काय माईत ते गोळी मारतीन म्हून."

मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी उठून बाहेर गेलो. आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. तिनं माझ्यासाठी केलेली गोष्ट मला दगा वाटली, हे लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहून कुणाचं भलं होणार नाही. ज्यांच्या घरी असा फोन झाला असेल त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की फोन करणाऱ्याच्या छातीतही ती गोळी असते आणि ती कुठलाही सर्जन काढत नाही. नवव्या दिवशी प्राजूनं आम्हा दोघांना एका ताटात वाढलं आणि स्वतः शेजारी जेवायला गेली. आम्ही जेवलो. तिथून बोलणं सुरू झालं.

प्राजूचं वेगळंच होतं. ती जीपचा आवाज आला तरी आतल्या खोलीत जायची. आणि सुनंदानं एकदा स्पष्ट सांगितलं, "पुन्हा असं झालं न, तं म्या फोन करणार नाई. काई झालं तरी नाई." ते ऐकून मला गार वाटायला हवं होतं. उलट मी जास्तच घाबरलो. मॅडमनी सांगितलं होतं की हा आजार पुन्हा उसळू शकतो. पुन्हा उसळला आणि हिनं फोन केला, तर मी मरीन. नाही केला, तर कदाचित दुसरं कुणीतरी मरेल, आणि ती दुसरी माणसं म्हणजे या दोघीच. रोज रात्रीची गोळी घेताना मला हाच विचार यायचा.

परमिट

मला खांबावर चढायला मनाई झाली आणि सबस्टेशनला बसवलं, राठोडांबरोबर. राठोड ऑपरेटर, बंजारा तांड्यावरचे, माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. एकवीस वर्षं मी त्यांच्या शब्दावर खांब चढलो आहे. कमी बोलणारा माणूस. मी तिथे गेलो त्या दिवशी त्यांनी एवढंच म्हटलं, "बसा भाऊ. खुर्चीचा एक पाय हालते, सांभाळजा."

मी त्यांना माझी भीती सांगितली. दवाखान्यातल्या समाजसेविका ताईंनी एक गोष्ट सांगितली होती, तीही सांगितली. माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की मी आजारी पडलो तर माझ्याशी कसं वागावं आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं. कायद्यात तशी सोय आहे. पण तो कागद उपचारांसाठी, डॉक्टरांसाठी. पोलिसांचं काय?

राठोडांनी लॉगबुकात आकडे लिहिले, पेन ठेवलं आणि म्हणाले, "वहिनीले परमिट देऊन टाका न."

"म्हंजे?"

"वर मानूस हाय. परमिट वहिनीच्या हाती. वहिनी परत करत नाई तोवर कोनी लाइन चालू करायची नाई. पोलिसानं बी नाई. इतलं साधं तं हाय."

साधं होतं खरं. मी आणि राठोडांनी दुपारभर बसून कागद केला. मी, दिलीप, मला हा आजार आहे. आजारात मी माणसांना करंटपासून वाचवायला जातो. हातात जे असेल ते हत्यार वाटेल, पण आधी माझ्या बायकोला विचारा. सायरन नको. चमकणारं काही नको. घेराव नको. एकच माणूस बोलेल. सुनंदा 'आता या' म्हणेपर्यंत बाकीच्यांनी फाटकाबाहेर थांबावं. खाली मॅडमचा फोन नंबर, सुनंदाचा, राठोडांचा.

कागद घेऊन मी आणि सुनंदा ठाण्यात गेलो. टेबलामागे तेच साहेब होते. मला बघून ते उभे राहिले, आणि मग उगाच उभे राहिलो असं वाटून बसले. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"आजारात मी माणसांना वाचवायला जातो," त्यांनी एक ओळ मोठ्यानं वाचली. "त्या दिवशीसुद्धा?"

"हो. तुमालेच."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला तो भाला वाटला. तुम्ही अंगावर येत होता."

"येतच होतो," मी म्हणालो. माफ केलं असं काही मी म्हणालो नाही आणि त्यांनी माफी मागितलीही नाही. माझ्यावरची केस चालूच होती. त्यांची चौकशी झाली आणि मिटली, हे मला माहीत होतं, आणि ते माझ्या घशाखाली उतरलं नव्हतं.

"हे सगळं मी कबूल करू शकत नाही," साहेब म्हणाले. "कुणाचा जीव जात असेल तर मला थांबता येणार नाही."

सुनंदा टेबलाजवळ सरकली. ती म्हणाली, "थांबा नोका. पन आदी मले इचारा. त्या दिवशी म्या तिथंच होती साहेब, पाच हातावर. कोनी मले इचारलंच नाई."

साहेबांनी पेन घेतलं आणि कागदावर खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली, 'पत्नीला प्रथम विचारावे', आणि सही केली. ठाण्यातल्या ड्युटी टेबलाच्या काचेखाली तो कागद गेला.

बूट

दीडेक वर्षानं आजार पुन्हा उसळला. चूक माझी. गोळ्यांनी हात थोडा कापायचा, आणि लाइनमनचा कापणारा हात बघवत नाही म्हणून मी कुणाला न सांगता अर्ध्या गोळ्या घ्यायला लागलो. बरा आहे असं वाटलं की हा मोह प्रत्येकाला होतो. करू नका. हात कापतो तर मॅडमना सांगायचं. नंतर त्यांनी औषध बदललं आणि कापणं जवळजवळ गेलं. इतकं सोपं होतं.

ती दुपार मला तुकड्यातुकड्यांत आठवते. मी अंगणात आहे. हातात कुऱ्हाड आहे. घरात येणारी वायर मला तोडायची आहे, कारण प्राजू घरात आहे आणि भिंती तापल्या आहेत. शिडी लावली आहे. शेजारचे दोघं मला धरायला आले आणि मी कुऱ्हाड फिरवली. कुणाला लागली नाही. सुनंदा ओसरीवर उभी आहे, हातात फोन.

तिनं नंतर सांगितलं की तो फोन हातात धरून ती किती वेळ उभी होती हे तिला आठवत नाही. आधी तिनं राठोडांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, परमिट तुमच्याकडं हाय. लावा फोन. मी येऊन राह्यलो." आणि तिथून त्यांनी आमच्या गल्लीची लाइन खरंच बंद केली. मग तिनं फोन लावला.

जीप आली, सायरन नव्हता. फाटकाबाहेर थांबली. साहेब उतरले, पट्टा सोडला, पिस्तुलासकट तो हवालदाराकडे दिला आणि जीपमध्ये ठेवायला सांगितला. मग फाटकातूनच विचारलं, "ताई, हातात काय आहे आणि कशासाठी?"

"कुऱ्हाड हाय. वायर तोडतो म्हंते. मारायसाठी नाई," सुनंदा म्हणाली. "आता या. एकलेच या."

ते आले. मी त्यांना ओळखलं. आणि तोच जुना भयंकर करंट मला पुन्हा त्यांच्या अंगात दिसला. मी शिडीवरून खाली उतरलो, कुऱ्हाड हातातच. गल्लीत माणसं जमली होती.

"साहेब," मी ओरडलो, "बूट काढा! जमिनीवर उभं राहा! बूट काढा नाईतं मरान!"

साहेब म्हणाले, "काढतो." आणि खाली मातीत बसले. माझ्यासमोर, कुऱ्हाड घेतलेल्या माणसासमोर, खाली बसले आणि बुटाची लेस सोडायला लागले. पोलिसांचे बूट, लेस लांब, गाठ घट्ट. एक बूट निघाला. मोजा काढला. दुसऱ्याची गाठ सुटेना. ते खाली मान घालून गाठीशी झटत होते आणि मी उभा राहून बघत होतो. मला त्यांची घाई झाली होती. शेवटी मी म्हणालो, "थांबा, नखानं सुटते ते," आणि गाठ सोडायला मी खाली वाकलो. दोन हात लागतात त्याला. कुऱ्हाड मी बाजूला ठेवली होती.

सुनंदा आली आणि तिनं ती उचलली. साहेब अनवाणी उभे राहिले. मी त्यांचे पाय बघितले, पांढरेफटक, शहरातल्या माणसाचे, मातीत. मला वाटलं, आता हा वाचला. आणि मग मी थकलो. इतक्या दिवसांचा थकवा एकदम आला. राठोड तोवर पोचले होते. ते म्हणाले, "भाऊ, लाइन बंद हाय. चला, मॅडमकडं जाऊन येऊ." मी गाडीत बसलो. बेडी नव्हती. प्राजू जीपच्या आवाजाला आत पळाली नाही, ती माझा टॉवेल आणि ब्रश पिशवीत घालून घेऊन आली, हे मला सगळ्यात जास्त लक्षात आहे.

अकरा दिवस दवाखान्यात होतो. या वेळी घरी आलो तो चालत.

बदली

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. झोप सांभाळतो. साडेनऊला आमच्या घरात दिवा बंद, पाहुणा असो की सण. माझी केस अजून चालू आहे, पुढच्या तारखेला वकील काहीतरी चांगलं सांगतील असं वाटतं आहे. ज्या बाबांच्या कानाला लागलं होतं ते बोरी अरब या गावाच्या बाजूचे. त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी चहा दिला आणि कान दाखवला. बारीक खूण आहे.

गेल्या महिन्यात कळलं की साहेबांची बदली झाली. मला पुन्हा तीच भीती वाटली. काचेखालचा कागद आहे, पण कागद वाचणारा माणूस जाणार. नव्याला मी कोण? पोलिसावर धावून गेलेला आरोपी, एवढंच रेकॉर्डला.

दोन दिवसांनी साहेबांचाच फोन आला, दोघंही या म्हणाले. आम्ही गेलो तेव्हा ठाणं भरलेलं होतं. तक्रारी घेऊन आलेली माणसं, शिपाई, जमादार. त्यांच्या जागी आलेल्या नव्या अधिकारी खुर्चीवर होत्या, चाळिशीच्या बाई, आणि साहेब शेजारी उभे. काचेखालचा कागद त्यांनी काढून हातात घेतला होता.

"मॅडम, हे दिलीपभाऊ आणि या सुनंदाताई," ते म्हणाले. आवाज मुद्दाम बारीक केला नव्हता. "यांना गोळी मी मारली. मारायला नको होती."

एक शिपाई लिहिता लिहिता थांबला. सुनंदानं माझ्या दंडाला धरलं, आणि मला कळलं की ती रडते आहे, कारण माझी बाही ओली झाली. मीही रडत होतो. त्या वाक्याची मी किती वाट बघितली होती, हे ते ऐकेपर्यंत मला माहीत नव्हतं.

नव्या मॅडमनी कागद घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. मग समोरच्या दोन खुर्च्यांकडे हात केला.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता मला नीट सांगा. आजारी असता तेव्हा तुम्हाला काय दिसतं?"

मी सांगायला लागलो. सुनंदा मधे मधे दुरुस्त करत होती.